पिक अप : उचलणे, उठणे आणि वेचणे

प्रश्न सोलापुरातल्या एका विद्यार्थ्याचा आहे. 'शी पिक्ड अप तेलुगू फ्रॉम हर नेबर्स' याचं मराठी त्याने 'तिने शेजाऱ्यांकडून तेलुगू निवडली' असं केलं. पण ते खटकलं म्हणून शब्दकोश उघडला, तर पिक अपचे ढीगभर अर्थ. हे सगळे पाठ करायचे का, असं तो विचारतो.

पाठ करू नका. 'निवडली' चुकलं, कारण निवडणं हा नुसत्या 'पिक'चा अर्थ. बोरं घ्या. झाडावरची तोडली तर पिक. झाडाखाली पडलेली वेचली तर पिक अप. डाळिंबाची तोडणी होते तीही पिकच. 'अप' लागलं की वस्तू खाली किंवा वाटेत पडलेली आहे आणि आपण ती उचलतोय, हे चित्र डोळ्यापुढे आणा.

तेलुगूचंही तेच. सोलापूरच्या पूर्व भागात विणकरांच्या घराघरांतून ती दिवसभर कानावर पडते. कोणी मुद्दाम शिकवत नाही, शेजारचं पोर ती आपसूक उचलतं. 'लर्न' म्हटलं की वर्ग, पुस्तक, अभ्यास आला. पिक अपमध्ये तो नाही. म्हणून मी लिहीन, 'शेजाऱ्यांचं ऐकून ऐकून तिला तेलुगू यायला लागली.' 'उचलली' म्हटलं तरी चालेल. हेल, लकब, चाल आपण उचलतोच की.

आपलं 'उचलणे' खरं तर खूप लांबपर्यंत साथ देतं. फोन उचलतो. पोलिसांनी दोघांना उचललं, तिथेही इंग्रजीत पिक अपच. स्टेशनवर मात्र ते सोडावं लागतं. 'आय विल पिक यू अप' म्हणजे 'घ्यायला येतो'. 'तुला उचलायला येतो' म्हटलं तर अर्थच फिरतो. आजाराची लागण होते, रेडिओ स्टेशन पकडतो, अर्धवट राहिलेल्या गोष्टीचा धागा पुन्हा धरतो. इंग्रजीत या सगळ्यांना पिक अप चालतं.

मला सगळ्यात आवडते ती पुढची जागा. 'सेल्स हॅव पिक्ड अप' यात कर्मच नाही. कोणी काही उचललेलं नाही, विक्री आपणच वर आली. इंग्रजी दोन्हीकडे तेच क्रियापद वापरते; मराठी इथे उचलण्यावरून उठण्यावर येते. चादरींचा व्यापारी सरळ म्हणतो, 'मालाला उठाव आलाय.' आणि भाव वाढले की ते 'उचल खातात', म्हणजे उचलणं पुन्हा हजर! वारा जोर धरतो, आजारी माणूस सावरतो. तेव्हा वाक्यात कर्म आहे की नाही, हे आधी बघा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

मार्केट यार्डात कांदा घेऊन येणारी पिकअप आणि गॅरेजमधलं 'गाडीला पिकअप नाही' ही नामं. त्यांत जोर 'पिक'वर येतो, क्रियापदात 'अप'वर.

लिहिताना एक सांभाळा. 'पिक अप द फोन' आणि 'पिक द फोन अप' दोन्ही बरोबर, पण सर्वनाम आलं की ते मधेच बसतं : 'पिक इट अप'. 'पिक अप इट' कधीच नाही. कर्म लांबलचक असेल, तर 'अप' क्रियापदाला लागूनच ठेवा.