ब्लॅक मंडे या सिटकॉममध्ये दाखवलंय तसं १९८७ चं अमेरिकन मार्केट खरंच एका फर्मच्या भानगडीमुळे पडलं होतं का?

नाही हो, क्रॅश खरा आहे पण कारण लेखकांनी रचलेलं आहे. १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ जोन्स (अमेरिकन शेअर बाजाराचा मुख्य निर्देशांक) एका दिवसात ५०८ पॉइंट म्हणजे २२.६ टक्के पडला हे खरं, पण सिरीजचा नायक मो मनरो, त्याची जॅमर ग्रुप नावाची फर्म आणि त्या लेमन जुळ्या भावांशी खुन्नस हे सगळं काल्पनिक (लेमन ब्रदर्स बँक काढणारे खरे लेमन बंधू १९ व्या शतकातले, १९८७ ला कुठून येणार!). सरकारने नेमलेल्या ब्रॅडी समितीच्या १९८८ च्या रिपोर्टमध्ये मुख्य बोट पोर्टफोलिओ इन्शुरन्सवर ठेवलंय, म्हणजे भाव पडले की ठरलेल्या नियमाने फ्युचर्स (पुढच्या तारखेच्या भावाचे करार) विकत सुटायचं, त्याने भाव अजून पडतात आणि मग अजून विक्री. फक्त तेच एकमेव कारण होतं असं मात्र नाही, व्याजदर पण चढत होते.