अरेंजर कीबोर्डला गळ्याच्या हार्मनीची जोड

प्रश्न : माझ्या अरेंजर कीबोर्डला (डाव्या हाताच्या कॉर्डवर ताल-साथ आपोआप वाजवणाऱ्या) माइकची सोय नाही. वाजवून गाताना ध्रुवपदाला कोरससारखी साथ मिळावी, यासाठी काय जोडावे?

उत्तर : मिडी इन (वाद्यांमध्ये सुरांचे संकेत पोचवणाऱ्या मिडी जोडणीचे प्रवेशद्वार) असलेला व्होकल हार्मनी प्रोसेसर, म्हणजे गाणाऱ्याच्या आवाजातून साथीचे आवाज तयार करणारे यंत्र, घ्यावा. माइक थेट त्यात लावून त्याचे आउटपुट मिक्सरला द्यावे आणि कीबोर्डचे मिडी आउट त्याच्या मिडी इनला जोडावे, म्हणजे डाव्या हाताने धरलेल्या कॉर्डनुसार साथीचे सूर तयार होतात. दोन्हीकडे मिडी चॅनेल (संकेतांचा क्रमांकित मार्ग) एकच ठेवून त्यावर फक्त डाव्या हाताचे सूर पाठवावेत. स्टाइलचा, म्हणजे कीबोर्डच्या आपोआप वाजणाऱ्या साथीचा, बास त्यात मिसळला, तर हार्मनी भलतीकडेच जाते. कीबोर्डला केवळ यूएसबी असेल, तर मध्ये यूएसबीचे संकेत मिडी जोडणीला देणारा यूएसबी मिडी होस्ट लागेल. मींड-मुरक्यांमागे धावताना यंत्र अडखळते, म्हणून अंतऱ्यात फूटस्विचने हार्मनी बंदच ठेवावी, असा आमचा आग्रह आहे.