पाइनच्या जंगलात कार्बन साठवायचा, मग झाडं तोडायची कशाला?

तुमचा प्रश्न असा, की पाइनचं जंगल कार्बन साठवतं म्हणून राखायचं, तर जंगल राखणारेच त्यातली झाडं का तोडतात आणि वर मुद्दाम जाळही का लावतात?

वनशास्त्र शिकायला लागलो तेव्हा मलाही हे पटत नव्हतं. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो आणि एक किलो कार्बन म्हणजे हवेतला ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. या हिशेबाने जितकी दाटी तितकं बरं. विरळणी केली, म्हणजे दाटीतली काही झाडं तोडून बाकीच्यांना जागा करून दिली, की उभ्या झाडांमधला साठा त्याच दिवशी घटतो, हे खरंच आहे. कुणी नाही म्हणालं तर ऐकू नका.

माझं मत फिरवलं ते गिरमिटाने. खोडात पोकळ गिरमिट फिरवून पेन्सिलीपेक्षा बारीक कांडी काढतात. तिच्यावर दर वर्षाचं एकेक वलय दिसतं. दाटीतल्या झाडाची शेवटची वीस वलयं माझ्या अंगठ्याच्या नखाखाली झाकली गेली. शेजारच्या तुकड्यातलं झाडही तसंच दबलेलं, पण विरळणी झाल्यावर दोन-तीन वर्षांत वलयं रुंदावत गेलेली. पाणी तेवढंच, वाटेकरी कमी.

पाणी मिळालं की राळही मिळते, आणि पाइनचं हत्यार तेच. साल पोखरणारा भुंगेरा आत घुसला की झाड राळ सोडून त्याला बाहेर लोटतं. खोडावर लाह्या चिकटवल्यासारखे राळेचे गोळे दिसतात. तहानलेल्या झाडाला तेवढी राळ सुटत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून लॉजपोल पाइनवर हा भुंगेरा तुटून पडला. वर्षानुवर्षं वणवे विझवल्यामुळे पोक्त झाडांची सलग रानं तयार होती, आणि उणे ४० अंशांच्या आसपासची अळ्या मारणारी थंडी पडेनाशी झाली होती. सुमारे १.८ कोटी हेक्टरला झळ बसली. कार्बन शोषणारं ते जंगल कार्बन सोडू लागलं, असं २००८ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. उद्रेक इतका पेटल्यावर विरळलेली झाडंही टिकत नाहीत. जे करायचं ते आधी.

आता जाळाचं. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या लाँगलीफ पाइनचं रोप पहिली काही वर्षं चक्क गवताचा झुपका वाटतं. लांब सुयांच्या मधोमध कोंब लपलेला, खाली सोटमूळ खोल जात असतं. दर दोन-तीन वर्षांनी जमिनीलगतचा हलका जाळ वरून गेला तर सुया होरपळतात, कोंब वाचतो; पाचोळा आणि झुडपं तेवढी साफ होतात. तो थर साचू दिला तर एक दिवस आग शेंड्यांपर्यंत चढते. शिवाय हे झाड तीनशे वर्षं जगू शकतं, म्हणजे कार्बन हळू भरला तरी मुक्काम लांबचा.

पण हाच जाळ लॉजपोलखाली लावाल तर फसाल. त्याची साल पातळ, हलक्या आगीतही झाड मरतं. त्याची बरीचशी फळं राळेने घट्ट बंद असतात आणि मोठ्या आगीची धग लागली की उघडून बी सांडतात. त्यामुळे तिथे वेगवेगळ्या वयाचे तुकडे राखणं, मध्ये दुसऱ्या जातींची झाडं येऊ देणं हेच मला बरं वाटतं. विरळणीतल्या लाकडाचा कागद केला तर कार्बन लवकर परत हवेत, तुळया केल्या तर काही दशकं घरात. आणि पाणथळ पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, जमीन उपसून पाइन लावायचा कुणाचा बेत असेल तर तो सोडून द्यायला सांगा. झाडं जेवढा कार्बन भरतील त्याहून जास्त ती माती गमावू शकते.