सातवीच्या वर्गात इंग्रजी शिकवताना मराठी बंद करावी का?

आपण विचारले आहे की, मराठी माध्यमाच्या सातवीला आधी व्याकरण पक्के करून घ्यावे की सरळ संभाषणाला हात घालावा, आणि इंग्रजीच्या तासाला मराठीवर बंदी घालावी का. तालुक्याच्या गावातील अशाच वर्गांना मी बरीच वर्षे शिकवले आहे, त्या आधारावर लिहितो.

आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या आणि त्यांतील अनेक जण उत्तम लिहू लागले, त्यामुळे त्या पद्धतीला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. तिची मर्यादा मात्र खरी आहे. ‘मला दोन भाऊ आहेत’ आणि ‘मला भूक लागली आहे’ या दोन्ही वाक्यांत आपण ‘मला’ म्हणतो, पण इंग्रजीत एका ठिकाणी ‘आय हॅव’ तर दुसऱ्या ठिकाणी ‘आय ॲम’ येते. शब्दाला शब्द जोडणारे मूल इथे हमखास अडखळते.

बोर्डावर एकेक वाक्यरचना लिहून ती वर्गाकडून घोकून घेण्याची पद्धतही मी करून पाहिली आहे. पोरे तासाला बिनचूक बोलत आणि वर्गाबाहेर पडताच विसरत. याच अनुभवाला कंटाळून इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 मध्ये बंगळूरला एक प्रयोग सुरू केला आणि तो दक्षिण भारतातील काही शाळांत 1984 पर्यंत चालवला. त्यात व्याकरणाचा क्रम ठरलेला नव्हता. मुलांपुढे नकाशा, वेळापत्रक किंवा हिशोब असे एखादे काम सोडवायला ठेवायचे आणि ते सोडवताना लागेल तेवढी इंग्रजी वापरायची, अशी त्याची रीत होती. आधी एक नमुना सगळ्या वर्गासोबत तोंडी सोडवायचा आणि मग तसाच दुसरा प्रत्येकाने स्वतः सोडवायचा.

मी हेच एसटीच्या वेळापत्रकावर केले. फळ्यावर दोन गाड्या लिहिल्या: एक 7.15 ला सुटून 9.40 ला पोचणारी, दुसरी 8.30 ला सुटून 10.55 ला पोचणारी. लग्न 11 वाजता आहे आणि स्टँडपासून कार्यालय अर्धा तास चालत आहे, तर कोणती गाडी धरावी, असे इंग्रजीत विचारले. अर्ध्या वर्गाने दुसरी गाडी निवडली. तेव्हा मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा मुलगा उठून म्हणाला, “नो सर, वॉक हाफ अवर!” मी त्याची चूक न काढता “येस, यू हॅव टू वॉक फॉर हाफ ॲन अवर” एवढेच म्हटले, आणि दोन-तीन तासांनी तो ‘फॉर’ आपसूक त्याच्या तोंडी आला. ‘ॲन’ मात्र वर्षभर आला नाही, कारण मराठीत ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदेच नाहीत. त्यासाठी वेगळा सराव द्यावाच लागला, आणि निव्वळ कामांवर विसंबणाऱ्या पद्धतीची उणीव मला इथेच जाणवली.

आता मराठीविषयी. बंदी घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘सोमवारी’, ‘पाच वाजता’, ‘मे महिन्यात’ यांत आपण वेळ शब्दाच्या शेपटीला जोडतो, इंग्रजीत तीच ‘ऑन’, ‘ॲट’, ‘इन’ होऊन शब्दाच्या आधी येते. हे मराठीत दोन मिनिटांत समजते, इंग्रजीत समजावायला अर्धा तास जातो आणि तरी शंका उरते. मुलांनी आपसात मराठीत खल केला तरी चालेल, फक्त उत्तर इंग्रजीत आले पाहिजे. बंदीमुळे वर्ग इंग्रजी बोलू लागत नाही, तो गप्प बसतो.

कामाची पातळी ठरवताना निदान अर्ध्या मुलांना निदान अर्धे काम जमेल, असा प्रभूंचाच अंदाज मी वापरतो. त्याहून कमी जमले तर दुसऱ्या दिवशी आकडे सोपे करावेत, वेळापत्रक तेच ठेवावे. परीक्षेतील व्याकरणाच्या गुणांची आपल्याला धास्ती असेल, तर आठवड्यातील एक तास त्यासाठी राखून ठेवावा आणि त्यात मुलांच्या वहीतील चुकीचीच वाक्ये फळ्यावर घ्यावीत, फक्त कोणाचे नाव न घेता.