एप्रिलच्या मतपत्रिकेआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद. परवा तू फोनवर विचारलंस, "काका, राज्याच्या शाळांची प्रमुख म्हणून मी कधी निवडणूक लढवू शकेन का?" चार वर्षं नववीच्या मुलांना विज्ञान शिकवून हा प्रश्न तुझ्या मनात आला, याचा मला फार आनंद झाला. तू लढवावीस. पण लगेच नको. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

आपल्याकडे पुण्यात बसणारे शिक्षण आयुक्त सरकारनं नेमलेले असतात. शिक्षक आमदार निवडून येतात, पण ते सभागृहात बोलतात, खातं चालवत नाहीत. इथे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात खातं चालवणारा माणूसच लोक थेट निवडतात; त्याला राज्य अधीक्षक म्हणतात. चार वर्षांची मुदत, मतदान एप्रिलमध्ये, आणि मतपत्रिकेवर नावापुढे पक्ष नाही. घटनेतच तरतूद असलेलं हे पद आहे, त्यामुळे ते मोठं वाटतं. मोठं आहेही. पण शिक्षकांना परवाने देणं, शाळांवर देखरेख ठेवणं, राज्याचं अनुदान वाटणं ही त्याची कामं. किती पैसे वाटायचे ते ठरवतं विधिमंडळ. आणि शिक्षक नेमणं, शाळा उघडणं वा बंद करणं हे चारशेवीसच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्टांच्या, म्हणजे आपापल्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांच्या, निवडून आलेल्या बोर्डांच्या हातात.

टोनी एव्हर्स यांना लोक विस्कॉन्सिनचे राज्यपाल म्हणून ओळखतात. तू त्यांची आधीची वाट बघ. बाराबूमध्ये विज्ञानाचे शिक्षक, मग टोमामध्ये मुख्याध्यापक, मग ओकफील्ड आणि व्हेरोना इथे डिस्ट्रिक्टचे अधीक्षक. राज्य अधीक्षकपदासाठी १९९३ मध्ये उभे राहिले, हरले. २००१ मध्ये पुन्हा उभे राहिले, पुन्हा हरले. त्या वेळी जिंकलेल्या एलिझाबेथ बर्मास्टर यांनी त्यांनाच उपअधीक्षक म्हणून घेतलं, आणि त्यांनी ते स्वीकारलं. ज्या खुर्चीसाठी दोनदा हरलो तिच्या शेजारी बसून आठ वर्षं त्यांनी खातं आतून पाहिलं. २००९ ला निवडून आले, मग २०१३, मग २०१७. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतली ती आठ वर्षं मला सर्वांत मोलाची वाटतात. हरल्यावर जिंकणाऱ्याच्या हाताखाली मन लावून काम करणं किती जणांना जमतं? तुझ्याकडून मला ते हवंय.

आता पैशाचं. १९९३ पासून इथे प्रत्येक डिस्ट्रिक्टला महसूल मर्यादा आहे: राज्याचं सर्वसाधारण अनुदान आणि स्थानिक मालमत्ता कर मिळून दर विद्यार्थ्यामागे अमुक इतकेच डॉलर उभे करता येतात, त्यापुढे जायचं तर सार्वमत घ्यायचं. पूर्वी ही मर्यादा महागाईबरोबर वाढायची. २००९ नंतर ते थांबलं. मी तेव्हा शाळेत गणित शिकवत होतो. शिक्षक निवृत्त झाले की जागा भरायची नाही, असं सुरू झालं. माझ्या एका वर्गात चौतीस मुलं आली. मागच्या बाकावरच्या मुलाची वही बघायला वेळच उरायचा नाही. त्याला अपूर्णांक जमत नाहीत हे मला फेब्रुवारीत कळलं. ते मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून २०२३ च्या जुलैमध्ये एव्हर्सनी जे केलं ते कागदावर स्वतः करून बघ. विधिमंडळानं बजेटमध्ये या मर्यादेत दर विद्यार्थ्यामागे ३२५ डॉलरची वाढ दोन वर्षांपुरती दिली होती. शेवटचं वर्ष लिहिलं होतं २०२४-२५. त्यातला '२०' खोड, मधली रेघ खोड. काय उरलं? २४२५. इथल्या राज्यपालाला खर्चाच्या विधेयकाचा काही भाग खोडता येतो. तो अधिकार वापरून वाढ दरवर्षी, चारशे वर्षं लागू झाली. एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ते चार विरुद्ध तीन मतांनी उचलून धरलं. ज्यानं शाळेचं बजेट स्वतः जुळवलंय त्यालाच हा आकडा कुठे दुखतो ते कळणार. मला आनंद झाला, पण खरं सांगतो, पूर्ण समाधान नाही. मर्यादा वाढली म्हणून राज्यानं अनुदान वाढवलंच पाहिजे असं नाही. राज्यानं पैसे दिले नाहीत तर बोजा घरपट्टीवर जातो, आणि माझ्या गल्लीतल्या पेन्शनवाल्या आजींनाही ती भरायची असते. उभी राहशील तेव्हा त्यांच्या दारात जाऊन तुला हे समजावता आलं पाहिजे.

दार म्हटलं तर सह्यांचंही सांगतो. मतपत्रिकेवर नाव यायला राज्यभराच्या या पदासाठी लोकांच्या किमान दोन हजार सह्या लागतात, आणि त्या गोळा करायच्या डिसेंबरात. मी एका उमेदवारासाठी लायब्ररीबाहेर उभा राहिलो होतो. बॉलपेनची शाई गोठायची, म्हणून दोन पेनं हातमोज्यात धरून अदलाबदल करायचो. सही, नाव, पूर्ण पत्ता, तारीख, सगळं लागतं. घाईत मी अर्धवट पत्ते चालवून घेतले आणि त्या सह्या बाद झाल्या. थंडीत थांबून सही देणाऱ्या माणसांचा तो अवमानच होता. लोकांना थांबवलंस की, "तुमची मुलं कुठल्या शाळेत?" हे आधी विचार. त्या तीन आठवड्यांत मला शाळांबद्दल जे कळलं ते स्टाफरूममध्ये कधी कळलं नव्हतं.

तेव्हा पुढची दहा वर्षं अशी धर: वर्ग सोडू नकोस, पण मुख्याध्यापकपदासाठीचं शिक्षण सुरू कर. एखाद्या लहान गावातल्या डिस्ट्रिक्टमध्ये काम मिळालं तर नाही म्हणू नकोस, जिथे अधीक्षकाला बसचं वेळापत्रकही स्वतः बघावं लागतं. बोर्डाच्या बैठकांना जाऊन बस, सुरुवातीला फक्त ऐकायला.

येत्या रविवारी ये. तुझ्या डिस्ट्रिक्टचं या वर्षीचं बजेट छापून आण, सगळं नको, महसूल मर्यादेच्या हिशोबाचं पान तेवढं. गेल्या सप्टेंबरची पटसंख्या आणि त्याआधीच्या दोन वर्षांची, एवढे तीन आकडे बाजूला लिहून आण. पट घसरला की मर्यादा कशी खाली येते ते आपण टेबलावर पेन्सिलीनं करून बघू.

तुझा,
काका