आधी यंत्र काय आहे ते लिही

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, सोबत पाठवलेली युरोपियन पेटंट कार्यालयाची हरकतही वाचली: द्रव बारीक चॅनेलमधून नेऊन तपासणारी तुझी चिप नवी नाही, तशी एका जुन्या पेटंटमध्ये आहेच. तू विचारतेस, "त्या जुन्या पेटंटमधली चिप पाणी तपासते, माझी रक्त तपासते, मग ती माझ्या आड येतेच कशी?" गाईड म्हणतात लढ, वकील म्हणतात क्लेम, म्हणजे पेटंटमध्ये नेमकं काय आपलं म्हणून मागतो ते सांगणारं वाक्य, आखूड कर, आणि या दोघांच्या ओढाताणीत तू उत्तराचा मसुदा लिहून टाकलास. त्याची पहिली दोन पानं तुमच्या टेस्टची संवेदनशीलता, डॉक्टरांचे अभिप्राय आणि दुर्गम भागातली गरज यांच्यावर खर्च झाली आहेत. ती दोन्ही पानं काढून टाक. त्यातलं सगळं खरं आहे, याबद्दल मला शंका नाही. पण परीक्षकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नाही.

तुझा पहिला क्लेम मोठ्याने वाच. "इन्क्युबेशन पूर्ण होईपर्यंत प्लाझ्मा रोखून धरण्यासाठी योजलेला व्हॉल्व्ह." म्हणजे रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, चिपमधली क्रिया पुरी होईतो थांबवणारी झडप. आता मला सांग, हा व्हॉल्व्ह कशाचा आहे? त्याला भिंती किती, कडा कुठे, चॅनेल कुठे रुंद होतो, झाकण कसलं? एक अक्षर नाही. तू तुझी इच्छा लिहिलीस आणि तिला यंत्र म्हटलंस. परीक्षकाने जुन्या कागदात एक अरुंद चॅनेल शोधला, जो एकदम रुंद कप्प्यात उघडतो आणि जिथे पाणी थांबतं. तो म्हणतो, हा व्हॉल्व्ह प्लाझ्माही रोखू शकेल. तू जे शब्द लिहिलेस त्यांच्याकडे पाहता त्याचं म्हणणं चुकीचं नाही. रागावू नकोस. आधी यंत्र काय आहे ते लिही. ते काय करतं ते नंतर.

अमेरिकेतला 1997 चा एक निकाल मी शिकवताना नेहमी सांगते. श्रायबर नावाच्या अर्जदाराने पॉपकॉर्नच्या डब्यावर बसवायचं शंकूच्या आकाराचं तोंड मागितलं होतं. परीक्षकाने त्याच्यापुढे तेलाच्या कॅनचं शंकूसारखं तोंड दाखवणारं जुनं स्विस पेटंट ठेवलं. अर्जदार सांगत राहिला की तेल वेगळं, पॉपकॉर्न वेगळं. न्यायालयाने आकार पाहिला. जुन्या तोंडातूनही पॉपकॉर्न बाहेर पडू शकतील असं मानायला परीक्षकाकडे सबळ कारण होतं, आणि एकदा तसं कारण दिसलं की ते पडू शकत नाहीत हे सिद्ध करण्याचं ओझं अर्जदारावर येतं. ते त्याला पेललं नाही. तुझं "पाणी वेगळं, रक्त वेगळं" हे त्याच वाटेने चाललं आहे.

पण हाच नियम तुला वाचवूही शकतो, आणि ते तुझ्या मसुद्यात कुठेच आलेलं नाही म्हणून मी अस्वस्थ झाले. युरोपियन कार्यालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्येच उदाहरण आहे: क्लेममध्ये "वितळलेल्या पोलादासाठी साचा" असं लिहिलं असेल, तर बर्फ करण्याचा प्लॅस्टिकचा ट्रे त्याच्या आड येत नाही, कारण पोलाद ओतलं की ट्रेच वितळेल. म्हणजे उपयोगाच्या शब्दांनाही वजन असतं, पण ते वस्तूच्या अंगात उतरलेलं असेल तितकंच. जुनी वस्तू त्या कामाला खरोखर निकामी आहे हे तुला दाखवावं लागेल.

आणि ती निकामी आहे! तुझ्याच आकृती 4 मध्ये ते दिसतं. शेजारी मजकूर आहे, तू लिहिलेला, आणि क्लेम लिहिताना तू तो विसरलीस.

जुन्या चिपमध्ये चॅनेल तळाला आणि दोन्ही बाजूंना एकदम रुंदावतो. झाकण मात्र सपाटच पुढे जातं. साध्या, फारशा न भिजणाऱ्या प्लॅस्टिकवर पाण्याचा संपर्ककोन, म्हणजे द्रवाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, मोठा असतो, त्यामुळे तीन बाजूंच्या कडांवर पाणी अडकतं आणि झाकणापाशीही पुढे रेटत नाही. आता तिथे प्लाझ्मा घाल. पाण्याचा पृष्ठताण खोलीच्या तापमानाला मीटरला सुमारे 72 मिलीन्यूटन असतो, प्लाझ्माचा त्याहून बराच कमी. शिवाय प्लाझ्मातली प्रथिनं प्लॅस्टिकला चिकटतात आणि तो पृष्ठभाग हळूहळू भिजरा होत जातो. नमुना आपणहून ओढला जावा म्हणून तू झाकणाला जलस्नेही, म्हणजे पाण्याने सहज भिजणारी, फिल्म लावलीस, म्हणजे तुझ्या झाकणाचा संपर्ककोन आणखी लहान. काटकोनी कोपऱ्यात संपर्ककोन 45 अंशांच्या खाली गेला की द्रव कोपऱ्याच्या कडेने आपोआप पुढे सरकतो. हे कॉन्कस आणि फिन यांनी 1969 मध्ये गणिताने दाखवलं आहे. सपाट, भिजऱ्या झाकणाखाली तीन बाजूंचा व्हॉल्व्ह गळणारच. म्हणून तू झाकणातही पायरी कोरलीस. चारही बाजूंनी कड. हा तुझा शोध आहे, आणि पहिल्या क्लेममध्ये त्याचा उल्लेखही नाही!

तेव्हा प्रयोग कर. जुन्या कागदात दिलेल्या मापांचा, सपाट झाकणाचा चॅनेल बनव, त्यात पाणी सोड, मग प्लाझ्मा सोड, दोन्हींचं चित्रीकरण कर. पाणी थांबलं आणि प्लाझ्मा गळला, तर परीक्षकाच्या "शकेल" या शब्दाला उत्तर मिळालं. प्लाझ्माही थांबला तर तेही मला लगेच कळव. मग आपला सगळा भार पायरीवर राहील. हा पुरावा उत्तरासोबत पाठवता येतो. मूळ वर्णनात मात्र तो घुसवता येत नाही. अर्जाच्या दिवशी जे कागदावर होतं तेवढ्यातच राहायचं, युरोपात पेटंट कराराचं हे कलम 123(2) फार कडकपणे पाळलं जातं.

त्याच कलमामुळे आणखी एक सावधगिरी. पायरी आणि जलस्नेही फिल्म तू एकाच परिच्छेदात, एकमेकींवर अवलंबून असलेल्या दाखवल्या आहेत. क्लेम रुंद राहावा म्हणून फक्त पायरी उचललीस आणि फिल्म मागे ठेवलीस, तर परीक्षक म्हणेल की असं सुटं यंत्र मूळ अर्जात नव्हतं. दोन्ही घे. जुन्या चिपचं झाकण साधं आहे, त्यामुळे फिल्म घेतल्याने तुझं फारसं काही जात नाही, उलट एक फरक वाढतो. मायक्रॉनमधली नेमकी मापं मात्र पहिल्या क्लेममध्ये नकोत, ती पहिल्यावर आधारलेल्या पुढच्या, अवलंबित क्लेममध्ये जाऊ देत. वकिलांनी "आखूड" म्हटलं म्हणून तुला हार वाटली, असं पत्रावरून दिसतं. भिजऱ्या झाकणाखाली प्लाझ्मा थांबवायचा तर स्पर्धकालाही बहुधा चौथी कड लागेल. तिथे उभा असलेला क्लेम मला आखूड वाटत नाही.

नवीनतेचा प्रश्न सुटला की, हे सहज सुचण्यासारखं होतं असं म्हणत परीक्षक दुसरा कागद पुढे करेल, तो त्याने आत्ताच यादीत घातला आहे. त्यात झाकणात खाच आहे, हवेचे बुडबुडे अडकवायला. या दोन्हींची सांगड कोणी घालू शकला असता का, एवढ्यावर थांबू नकोस. हातातली अडचण सोडवताना या क्षेत्रातल्या कुशल माणसाने ती खरंच घातली असती का, हे विचार. पाण्याच्या चिपमध्ये झाकणावरून गळतीच होत नव्हती, मग बुडबुड्यांची खाच तिथे आणायचं त्याला कारण काय? इथे, आणि इथेच, तुझ्या संवेदनशीलतेच्या आकड्यांना जागा आहे: चौथ्या कडेमुळे इन्क्युबेशनचा वेळ पक्का होतो, वेळ पक्का झाल्यामुळे संकेत स्थिर येतो. ही साखळी जोडता आली तर आकडे दे. नाहीतर दोन पानं गेली ती जाऊ देत.

मी हे इतक्या वेळा का सांगते ते तुला कळायला हवं. मी ज्या कंपनीत होते तिथे वरिष्ठांना वाटे की रचना लिहिली म्हणजे गुपित दिलं. क्लेममध्ये सगळीकडे "करण्यासाठी योजलेला", वर्णनातही पृष्ठभागाच्या प्रक्रियेबद्दल मोघम दोन ओळी. मी दर बैठकीत भांडले. यंत्र काय आहे ते लिहा, म्हणत राहिले. शेवटी मला त्या कामातून बाजूला केलं गेलं, पुढे आक्षेप आले तेव्हा दाखवायला कागदावर काही उरलं नव्हतं, आणि अर्ज सोडून दिला गेला. मला हट्टी म्हटलं गेलं. म्हणू देत. गुपित ठेवायचं होतं तर पेटंटच मागायचं नव्हतं, आणि पेटंट मागायचं होतं तर उघडपणे लिहायचं होतं. याच्या मधली जागा मला कधी दिसली नाही, आजही दिसत नाही. खंत आहे ती तिथल्या तरुण मुलांबद्दल. रात्र रात्र जागून त्यांनी ती चिप चालवली होती, आणि मी निघाले तेव्हा त्यांच्याजवळ बसून हे सगळं शिकवायला मला वेळ मिळाला नाही. तुझ्याशी बोलताना माझा आवाज चढतो, त्यामागे हेही असेल.

गाईडना सांग, लढायचंच आहे, पण चौथ्या कडेवर उभं राहून. वकिलांना आकृती 4 आणि तिच्या शेजारचा परिच्छेद दाखव. उत्तराला साधारण चार महिने मिळतात, त्यातला जास्त वेळ प्रयोगाला ठेव. आणि परिषदेच्या पोस्टरवर दोन पायऱ्यांची जी नवी आवृत्ती दाखवणार आहेस, तिचा वेगळा अर्ज आधी दाखल कर, पोस्टर नंतर लाव. युरोपात स्वतःचं पोस्टरही स्वतःच्या आड येतं, आणि तिथे तुझा हेतू काय होता हे कोणी विचारत नाही.

पहिला क्लेम नव्याने लिहून पाठव. त्यात "योजलेला" हा शब्द एकदाही नको.