केंद्रातून आला, आता कामाला कधी लावू?

व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी आला की आठवड्याच्या आत घरचे हे विचारतातच. रावेर भागातल्या एका आईनं रडवेल्या आवाजात विचारलं, "भाऊ, त्याले कामले धाडू का घर बसाडू?" रिकामा बसला तर डोक्यात दारूच घोळणार, कामावर गेला तर जुनी संगत. दोन्ही भीती खऱ्याच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुलगा केळी कटाईच्या टोळीत. दिवसभर घड वाहायचे, संध्याकाळी गाडी भरली की मुकादम रोख मजुरी हातावर ठेवणार. मग टोळी कुठे जाते, ते सांगायला नको. मी त्याला विचारलं, "आठवण नेमकी कधी येते?" म्हणाला, "काम चालू असताना नाही सर. पैसे मोजताना." पोट रिकामं, अंग आंबलेलं, खिशात ताजे पैसे आणि बाजूला जोडीदार. सांभाळायचा होता तो हा एवढा तास.

म्हणून लगेच टोळीत नको, असं ठरलं. त्याच्याच केंद्रातून बाहेर पडलेले दोघं भुसावळला खोली करून राहत होते, हा तिसरा. अमेरिकेत ऑक्सफर्ड हाउस नावाची अशी घरं १९७५ पासून आहेत: राहणारेच घर चालवतात, खर्च वाटून घेतात, आणि जो प्यायला त्यानं घर सोडायचं. या तिघांनी तेच नियम धरले. वर एक आपला, संध्याकाळी एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगला बरोबरच जायचं. तिथून तो केळी पिकवायच्या चेंबरवर आधी अर्धा दिवस, मग पूर्ण पाळी जाऊ लागला. रात्रपाळी मात्र मी अडवलीच. दारू सुटल्यावर झोपेची घडी बसायला कित्येकदा महिने जातात.

पैशावरून घरात वाजलं. आईला सगळा पगार आपल्या हातात हवा होता. पण मोठ्या माणसाला चहाच्या दहा रुपयांसाठी हात पसरायला लावला की तो चिडतो, आणि चिडून पिणं तर त्याला नवं नव्हतं. शेवटी पगार खात्यात, कार्ड आईकडे, आठवड्याचे पैसे त्याच्याकडे, हे त्यानंच सुचवलं. डब्यात एक जास्तीची भाकरी आणि ठेचा, तो सुट्टी व्हायच्या आधी खायचा. हसू नका, उपाशीपोटी दारूच्या दुकानावरून जाणं फार अवघड असतं.

जाताना आईनं हळूच विचारलं, दारू सोडवायची गोळी भाजीत कालवून देऊ का? अजिबात नको. ही गोळी म्हणजे डायसल्फिराम; ती पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांनी तपासून, त्याला सांगूनच द्यायची.

"इतके दिवस कुठे होतास?" असं लोक विचारणारच, त्याचं उत्तर त्याच्याकडून घोकूनच घेतलं: "दारू सोडायला गेलो होतो. सोडली." खोटं सांगितलं की ते रोज सांभाळत बसावं लागतं.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तो सकाळी गावी गेला, पुरणपोळी खाल्ली आणि पत्त्यांचे डाव मांडायच्या आत भुसावळची गाडी पकडली. आई रुसली. मुकादमाचा फोन अधूनमधून येतो, टोळीत मजुरी जास्त आहे. तो "बघू" म्हणतो. मी घाई करत नाही.